ऑफिसच्या वीजबिलातलं पाणी

जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी एसीचं तापमान २० ते २८ अंश सेल्सिअसच्या आतच ठेवता येईल, असा नियम आणण्याचं सूतोवाच केलं आणि ऑफिसाऑफिसांत रिमोटवरून पुन्हा वाद रंगले. जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचा एसी आपोआप २४ अंशांवर सुरू व्हायला हवा, हा नियम होताच. एक अंश वर ठेवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते, हा बीईईचा (केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचा) आकडाही आता बऱ्याच जणांना पाठ आहे. नियम योग्य आहे आणि आकडा उपयोगाचा आहे. पण मुंबई, ठाणे, रत्नागिरी किंवा पणजीत जूनपासून ऑक्टोबरपर्यंत एसी जी वीज खातो, तिचा मोठा वाटा हवा थंड करण्यात जातच नाही. तो हवेतलं पाणी काढण्यात जातो. ऑफिस पर्यावरणस्नेही करण्याच्या याद्यांत कागदी कप असतात, एलईडी दिवे असतात, पाठपोट छपाई असते. हे पाणी मात्र त्यांत नसतं.

हिशेब सोपा आहे. पावसाळ्यातली मुंबईची हवा घ्या: तापमान ३० अंश, सापेक्ष आर्द्रता ८० टक्के. अशा १ किलो हवेत साधारण २१.५ ग्रॅम वाफ असते. ऑफिसात आपल्याला हवी असते २४ अंशांची, ५५ टक्के आर्द्रतेची हवा. तिच्यात वाफ असते सुमारे १० ग्रॅम. म्हणजे एसीला दोन कामं करायची आहेत. हवा ६ अंशांनी गार करायची, आणि तिच्यातली ११ ग्रॅम वाफ पाणी करून बाहेर काढायची. पहिल्या कामात दर किलो हवेमागे साधारण ६ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. दुसऱ्या कामात दहावीच्या पुस्तकातला अप्रकट उष्मा आडवा येतो. १ ग्रॅम वाफेचं पाणी होताना जवळजवळ २.४५ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते आणि ती सगळी एसीच्या आतल्या गार भागाला, म्हणजे कॉइलला, शोषून घ्यावी लागते. ११ ग्रॅमची झाली २७ किलोज्यूल. एकीकडे ६, दुसरीकडे २७. थर्मामीटरला यातले फक्त ६ दिसतात.

आता हे २० माणसांच्या ऑफिसला लावू. बंद खोलीत कार्बन डायऑक्साइड साठू नये म्हणून माणशी सेकंदाला ८ ते १० लिटर ताजी हवा लागते. ८.५ धरली तर २० जणांना सेकंदाला १७० लिटर. ही हवा वरच्या हिशेबाने आत घ्यायची तर सुमारे साडेसहा किलोवॅट उष्णता काढत राहावी लागते. एसीचा १ टन म्हणजे साडेतीन किलोवॅट. (९०७ किलोंचा म्हणजे एक अमेरिकी टन बर्फ २४ तासांत वितळताना जितकी उष्णता शोषतो, तो हा टन. त्या मापाच्या मुळाशीही अप्रकट उष्माच आहे.) म्हणजे जवळपास दोन टनांचा एसी फक्त ताज्या हवेसाठी राबतो, आणि त्यातला दीड टनाहून जास्त पाणी काढण्यासाठी.

ताजी हवा बंद करता येणार नाही, करूही नये. पण गरजेपेक्षा जास्त आत येणारी हवा थांबवता येते, आणि तिचा सगळ्यात दुर्लक्षित दरवाजा म्हणजे टॉयलेटचा किंवा पँट्रीचा एक्झॉस्ट फॅन. ताशी २५० घनमीटर हवा बाहेर फेकणारा फॅन तितकीच दमट हवा फटींतून आत ओढतो. तिच्याबरोबर ताशी तीन लिटरहून जास्त पाणी वाफेच्या रूपात ऑफिसात येतं. फॅन स्वतः खातो ३०-४० वॅट. पण त्याने आत आणलेली हवा कोरडी आणि गार करायला एसीला ताशी पाऊण ते एक युनिट वीज लागते. कामाच्या वेळात ही हवा निदान श्वासासाठी कामी येते. पण रात्री आठला ऑफिस बंद झाल्यावर तोच फॅन सकाळपर्यंत चालू राहिला तर कागद, कार्पेट, लाकडी पार्टिशन, खुर्च्यांचा फोम हे सगळं रात्रभर ओलावा पिऊन बसतं. सकाळी एसी लावल्यावर तास-दीड तास ‘गारच होत नाही’ अशी तक्रार येते, ती याचमुळे. फॅनला टायमर बसवा आणि फॉल्स सीलिंगच्या वरून बाहेर उघडणाऱ्या केबलच्या भोकांना फोम भरा. काचेच्या दाराखालच्या फटीला ब्रशची पट्टी लावली की झालं.

नागपुरात मे महिन्यात हे गणित उलटं होतं. ४३ अंश आणि १५ टक्के आर्द्रतेच्या हवेत किलोमागे वाफ असते फक्त ८ ग्रॅम, म्हणजे ऑफिसात हव्या असलेल्या १० ग्रॅमपेक्षाही कमी. तिथे पाणी काढायचं नाही, उलट घालायचं. म्हणून विदर्भात कूलर उत्तम चालतो. तोच कूलर मुंबईत ‘पर्यावरणस्नेही एसी’ म्हणून विकला जातो आणि लोक तो एसीच्या खोलीत लावतात, तेव्हा वाईट वाटतं. एक यंत्र हवेत पाणी सोडतं, दुसरं ते काढतं, आणि बिल दोन्हींचं येतं.

आता कॉइलपाशी जाऊ. इनडोअर युनिटची जाळी उघडली की फिल्टरमागे ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांची दाट रांग दिसते, तीच कॉइल. २४ अंश आणि ५५ टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू साधारण १४.५ अंश असतो. कॉइलचा पृष्ठभाग त्याहून गार असेल तरच वाफेचं पाणी होतं. हे पाणी लगेच ट्रेमध्ये पडत नाही. आधी पत्र्यांवर बारीक थेंब जमतात. ते एकमेकांना मिळून जड होतात, मग ओघळतात. कोरड्या कॉइलवरून पहिला थेंब ड्रेन पाइपमधून बाहेर यायला बरीच मिनिटं जातात.

गफलत इथेच होते. खोलीच्या मानाने एसी मोठा असेल तर तो पाच-सात मिनिटांत २४ अंश गाठतो आणि कॉम्प्रेसर बंद होतो. पण आतला पंखा फिरतच राहतो. कॉइलवर जमलेलं पाणी अजून ओघळलेलं नाही, कॉइल कोमट होते आहे, आणि वरून वारा. झालं! ते पाणी पुन्हा वाफ होऊन खोलीत परत येतं. दहा मिनिटांनी कॉम्प्रेसर पुन्हा सुरू होतो आणि तेच पाणी पुन्हा गोळा करतो. दिवसभर हा फेरा चालतो. खोली गार, पण चिकट. माणसं अस्वस्थ होतात आणि रिमोटवर २१ करतात. तापमान उतरतं, दमटपणा तसाच राहतो, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर कुणीतरी शाल पांघरून बसतं. ‘मोठा टन घेतला की आराम’ हा सल्ला दमट हवेत म्हणूनच चुकीचा ठरतो.

इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसर मंद होऊन चालत राहतो, त्यामुळे हा फेरा बराच टळतो. पण त्यातही एक खोच आहे. भार कमी असताना कॉम्प्रेसर अगदी मंद, आणि पंखा मात्र ‘हाय’वर असेल तर कॉइलचं तापमान दवबिंदूच्या वर सरकतं. हवा जेमतेम गार होते, पाणी निघतच नाही. उपाय फुकटचा आहे: खोली गार झाली की पंखा ‘लो’ किंवा ‘ऑटो’वर आणा. हवा कॉइलवरून सावकाश गेली की कॉइल जास्त गार राहते आणि जास्त पाणी सोडवते. ‘ड्राय’ मोड हेच करतो. पावसाच्या ढगाळ, गारव्याच्या दिवशी तो वापरावा; खोलीत तीस माणसं असताना तो पुरा पडत नाही. एक सावधगिरी मात्र हवी. फिल्टर धुळीने बुजलेला असताना पंखा ‘लो’वर ठेवला तर कॉइल शून्याखाली जाऊन तिच्यावर बर्फ धरतो, आणि एसी बंद झाल्यावर तो वितळून खालच्या कीबोर्डवर पडतो. फिल्टर दर पंधरवड्याला नळाखाली उलट्या बाजूने धुवा आणि सावलीत पूर्ण सुकवून लावा.

हे सगळं जमतंय की नाही, हे कळायला काही शे रुपयांचा आर्द्रतामापक पुरतो. तो एसीच्या झोतापासून दूर, टेबलाच्या उंचीवर ठेवा. स्वस्त यंत्रं पाच-सात टक्क्यांनी चुकू शकतात, म्हणून आधी तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ते चिखलासारखं होईल इतकेच थेंब पाणी घाला, झाकण आणि मापक एका झिपच्या पिशवीत हवाबंद करून दहा-बारा तास ठेवा. संपृक्त मिठाच्या पाण्यावर आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. यंत्र ७० दाखवत असेल तर त्याच्या आकड्यात ५ मिळवायचे. मग आठवडाभर सकाळी, जेवणाआधी आणि चार वाजता आकडा लिहा. ५० ते ६० असेल तर रिमोट २६ वर नेऊन छताचा पंखा लावा. वाऱ्यामुळे दोन-तीन अंशांचा फरक अंगाला जाणवत नाही, आणि नवा बीएलडीसी (ब्रशलेस मोटरचा) पंखा ३० वॅटच्या आसपास खातो, जुन्याच्या निम्म्याहून कमी. ६५ च्या वर असेल तर तापमान खाली आणू नका. पाणी कुठून येतंय ते शोधा.

काही पाणी माणसांचंच असतं. बसून काम करणारा माणूस श्वास आणि घामातून तासाला साधारण ८० ग्रॅम वाफ सोडतो. २० जणांचे आठ तासांत १३ लिटर. त्याला इलाज नाही. पण निथळत्या छत्र्या आणि रेनकोट आत सुकवायला ठेवतात, त्याला आहे. एका छत्रीत १०० ग्रॅम पाणी धरलं तर २० छत्र्यांचे २ लिटर. एसी चालू असताना ओली फरशी पुसणं हाही तोच प्रकार. ते काम एसी लावण्याआधी, खिडक्या उघड्या असताना व्हावं. एक लिटर पाणी हवेतून परत गोळा करायला सुमारे ०.६८ युनिट (किलोवॅट-तास) उष्णता बाहेर काढावी लागते. एसी एका युनिट विजेत तीन युनिट उष्णता काढतो असं धरलं तर लिटरमागे पाव युनिटाला थोडी कमी वीज जाते.

या दराने ईशान्य कोपऱ्यातलं वास्तूचं कारंजंही मोजता येतं. त्यात रोज दोन लिटर पाणी भरावं लागत असेल तर ते दोन लिटर खोलीच्या हवेत गेलेले असतात. पंप वेगळा, एसीचं अर्धं युनिट वेगळं. यातून समृद्धी येते याला काडीचाही पुरावा नाही. बुरशी मात्र येते. टेबलावरच्या ‘हवा शुद्ध करणाऱ्या’ झाडांचंही असंच. त्या दाव्याचा उगम नासाच्या १९८९ च्या, छोट्या बंदिस्त पेट्यांतल्या प्रयोगांत आहे. खऱ्या इमारतींसाठी पुढे हिशेब झाला तेव्हा साध्या वायुवीजनाची बरोबरी करायला दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील असं निघालं. झाडं डोळ्यांना सुख देतात म्हणून जरूर ठेवा, पण त्यांना घातलेलं बहुतेक पाणी पानांवाटे हवेतच जातं हे धरून चाला.

कागदाची नासाडीही याच वाफेशी जोडलेली आहे. ए-फोर आकाराच्या ७५ जीएसएम (चौरस मीटरला ७५ ग्रॅम) कागदाचं ५०० पानांचं रीम सुमारे २.३ किलोंचं असतं, आणि कागद हवेतला ओलावा शोषतो. दमट कागद प्रिंटरच्या तापलेल्या रोलरखालून जाताना त्यातलं पाणी एका बाजूने आधी उडतं, पान वाकतं, जॅम होतं आणि टोपलीत जातं. रीमचं वेष्टन ओलावा रोखण्यासाठीच असतं. ते एका टोकाने उघडून लागतील तेवढीच पानं ट्रेमध्ये भरा आणि उरलेलं दुमडून चिकटवा. शुक्रवारी ट्रे भरून ठेवू नका.

आणखी एक गैरसमज महागात पडतो: एसीत दरवर्षी गॅस भरावा लागतो. गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही, बंद नळ्यांत तोच फिरत राहतो. कमी झाला म्हणजे गळला. आर-४१०ए हा गॅस १ किलो गळला तर तापमानवाढीच्या हिशेबात तो सुमारे २.१ टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा आहे. आपल्याकडच्या ग्रिडवर एका युनिटामागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर ही झाली ३,००० युनिट विजेची बरोबरी. म्हणून ‘टॉप-अप’ करू देऊ नका. मेकॅनिकला आधी सांध्यांवर साबणाचा फेस लावून गळती दाखवायला सांगा, आउटडोअर युनिटच्या नटांपाशी तेलकट डाग शोधायला सांगा. नवा एसी घेताना आर-३२ निवडा, त्याचा आकडा जवळपास एकतृतीयांश आहे.

शेवटी बादली. दीड टनाच्या एसीतून पावसाळ्यात ताशी दोनेक लिटर पाणी निघतं. हे पाणी मोजलं की पाणी काढण्यावर किती वीज गेली तेही कळतं, वरचा पाव युनिटाचा दर लावला की झालं. एक्झॉस्टला टायमर लावण्याआधीचा आठवडा आणि नंतरचा आठवडा मोजा. हवामान सारखं असेल तर फरक बादलीतच दिसेल. पाइपचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडू देऊ नका, नाहीतर हवा अडकून पाणी मागे फिरतं आणि ट्रे भरून भिंतीवर ओघळतो. हे पाणी फरशीला, फ्लशला, बाहेरच्या कुंड्यांना चालतं. पिऊ नका आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीतही घालू नका: ते स्वच्छ दिसतं, पण कॉइलवरची धूळ आणि धातूचे अंश त्यात असतात. साठवायचं असेल तर पिंपाला घट्ट झाकण हवं, कारण डेंगीचा एडिस डास असल्याच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. शनिवार-रविवारच्या सुट्टीआधी पिंप रिकामं करून, आतून घासून उपडं ठेवा.