‘वेढा’ म्हणजे नेमके काय? मुलांच्या पोटातील गाठी आणि रक्तवाहिन्यांच्या इजा

विसाव्या शतकाचा बराच काळ मुलांच्या पोटातील गाठ काढताना मुख्य भीती रक्तस्रावाची होती, आणि मोठ्या रक्तवाहिन्यांभोवती पसरलेल्या न्यूरोब्लास्टोमाला (अपरिपक्व चेतापेशींपासून होणाऱ्या, लहान मुलांतील कर्करोगाच्या गाठीला) अनेकदा हातच लावला जात नसे. केमोथेरपीने गाठी आकसू लागल्यावर चित्र पालटले. ही गाठ महाधमनीला कवटाळते, परंतु तिच्या भिंतीच्या मधल्या स्नायुस्तरात सहसा शिरत नाही. या निरीक्षणाच्या आधारे, धमनीच्या लांबीला धरून गाठ चिरायची आणि भिंतीलगत तुकड्यातुकड्यांनी सोडवायची, ही पद्धत १९९०च्या दशकात सविस्तर मांडली गेली. विल्म्सच्या गाठीतील, म्हणजे मुलांच्या मूत्रपिंडाच्या कर्करोगातील, धोका वेगळा आहे. ती महाशिरेत चढू शकते, आणि डावीकडची मोठी गाठ काढताना ओळख चुकून आतड्याची मुख्य धमनीच बांधली गेल्याच्याही नोंदी आहेत.

खरा घोळ घातला तो ‘वेढा’ या शब्दाने. न्यूरोब्लास्टोमाच्या २००९च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात, उपचारांपूर्वीच्या सीटी किंवा एमआरआयवर दिसणारे जोखमीचे निकष निश्चित झाले. धमनीच्या निम्म्या किंवा अधिक परिघाला गाठ भिडली असेल तर तो वेढा, असे पुढे स्पष्ट करण्यात आले. मूत्रपिंडाच्या वाहिन्यांबाबत मात्र जोखीम मानायला नुसता स्पर्शही पुरेसा ठरला. हे निकष आजाराचा टप्पा आणि सुरुवातीच्या शस्त्रक्रियेची जोखीम सांगण्यासाठी होते, तरी केमोथेरपीनंतरही ते ‘शस्त्रक्रिया शक्य की अशक्य’ याचा निवाडा म्हणून वाचले गेले, आणि ही गल्लत माझ्या मते मुलांना महागात पडली. कुठे वेढा आहे म्हणून काढता येण्याजोगी गाठ तशीच राहिली, तर कुठे ९० टक्क्यांहून अधिक गाठ काढण्याच्या आग्रहापायी जेमतेम काही मिलिमीटर रुंदीच्या धमन्या ताणल्या गेल्या.

अशी ताणलेली धमनी आखडते. मूत्रपिंड डोळ्यांदेखत फिकट पडते, धमनीवर पॅपाव्हरिन हे धमनी सैल करणारे औषध टाकल्यावर पुन्हा गुलाबी होते, आणि टेबलाभोवती सगळ्यांना हायसे वाटते. तरीही काही महिन्यांनी सोनोग्राफीत तेच मूत्रपिंड आक्रसलेले दिसू शकते. गुंतागुंत पहिल्या ३० दिवसांपुरती मोजण्याच्या रूढ पद्धतीत ही हानी बसत नाही. किरणोपचारानंतर धमनी अरुंद होणे तर त्याहूनही उशिरा, कधी वर्षांनी, वाढलेल्या रक्तदाबातून कळते, आणि दंडाच्या मानाने रक्तदाब मोजण्याचा पट्टा मोठा वापरला तर तो दाबही प्रत्यक्षाहून कमीच नोंदला जातो.