केसांचा टोप: रंगमंचावरून रुग्णाच्या डोक्यापर्यंत

केमोथेरपीची पहिली सलाइन चढली की साधारण दोन ते तीन आठवड्यांनी केस गळायला लागतात. उशीवर, कंगव्यात, मोरीच्या जाळीवर. बहुतेक घरांत विगचा विचार तेव्हा सुरू होतो. मग घाईघाईत कुणीतरी फोनवर दुकान शोधतं आणि सापडतं ते बहुधा टक्कल पडलेल्या पुरुषांना हेअर पॅच बसवून देणारं, नाहीतर लग्नाच्या मेकअपचं सामान विकणारं. तिथे आरसा असतो, आडोसा असेलच असं नाही. उपचारांनी थकलेल्या बाईला अनोळखी माणसांसमोर डोक्यावरचा स्कार्फ काढावा लागतो. आपल्याकडे हे अजूनही असंच का चालतं, हे समजून घ्यायचं तर विग आपल्याकडे कुठल्या वाटेने आला ते पाहावं लागतं. दवाखान्यात तो फार उशिरा पोचला. त्याआधी तो नाटकात होता, आणि नंतर निर्यातीच्या धंद्यात.

पण त्याही आधी आपल्या समाजात बिनकेसांच्या डोक्याला एक अर्थ होता. जावळ, मुंज, आईवडील गेल्यावरचं क्षौर, नवस फेडताना बालाजीला दिलेले केस: पुरुषाचं किंवा लहान मुलाचं डोकं भादरलं जाण्याचे प्रसंग ठरलेले होते आणि त्यात लाज नव्हती. मोठ्या बाईचं डोकं मात्र, नवसाचा अपवाद सोडला तर, एकाच कारणाने भादरलं जायचं. ब्राह्मण आणि काही वरच्या जातींत नवरा गेला की केशवपन होई, तेही एकदाच नाही, केस वाढले की पुन्हा पुन्हा. त्याविरुद्ध लढाही इथेच झाला. सत्यशोधक चळवळीतले कामगारनेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने 1890 साली मुंबईत नाभिकांनी विधवांचे केस कापायला नकार दिला. स्वतःच्या रोजच्या कमाईवर पाणी सोडून केलेला तो संप होता, आणि त्याची आठवण आपण फार कमी काढतो.

केशवपन संपलं, पण त्याचा ठसा लगेच पुसला गेला नाही. केमोनंतर ‘मला असं कुणी पाहायला नको’ म्हणून खोलीबाहेर न येणाऱ्या बाईच्या मनात फक्त दिसण्याची काळजी असते, असं मला वाटत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांत काय येईल, ही भीतीही त्यात असते. म्हणून ‘केस काय, परत येतील’ हे वाक्य कितीही खरं असलं तरी ते तिच्यापर्यंत पोचत नाही.

खोटे केस आपल्याला अनोळखी नव्हतेच. पातळ वेणीत गुंफायचं गंगावन आजी-पणजीच्या फडताळात असायचं. पूर्ण डोक्याचा टोप मात्र रंगभूमीचा. 1843 मध्ये सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं तेव्हापासून पुढची कित्येक दशकं बायकांच्या भूमिका पुरुषच करत. बालगंधर्वांसारख्या स्त्रीपार्टी नटांनी केसांची ठेवण, अंबाडा, त्यावरचा गजरा इतक्या निगुतीने सांभाळला की घराघरांतल्या बायका त्यांचं अनुकरण करू लागल्या. कोकणातल्या दशावतारात आजही पुरुषच बाईचं सोंग घेतात. या सगळ्यातून रंगभूषाकार आणि ड्रेपरीवाल्यांकडे टोप बनवण्याचं, विंचरण्याचं, डिंकाने कपाळावर बसवण्याचं कसब जमा झालं. पण नाटकाचा टोप तीन-चार तासांसाठी, दहा हातांवरून दिसण्यासाठी असतो. दिवसभर घालायचा, घामात टिकणारा, केमोने हुळहुळ्या झालेल्या कातडीला न टोचणारा टोप ही वेगळी वस्तू आहे, आणि ती आपल्याकडे कुणी घडवली नव्हती.

युरोपात याच्या उलट झालं. फ्रान्सचा राजा तेरावा लुई तरुणपणीच टकला होऊ लागला आणि 1624 च्या सुमारास टोप घालू लागला. राजाचं पाहून दरबाराने आणि त्याच्या मुलाच्या काळात सगळ्या युरोपच्या उमरावांनी तो उचलला. केस गळण्यावरचा उपाय रुबाबाची खूण बनला. तरी एक शंका तेव्हाही होतीच. 1665 च्या सप्टेंबरात लंडनमध्ये प्लेग असताना सॅम्युअल पीप्स या सरकारी अधिकाऱ्याने रोजनिशीत लिहून ठेवलंय, की साथीत मेलेल्यांच्या डोक्यावरून केस कापलेले असतील या भीतीने आता टोप घ्यायला कुणी धजणार नाही. ‘हे केस कुणाचे?’ हा प्रश्न आजही दुकानात दबक्या आवाजात विचारला जातोच.

आजचा विग घडला तो विसाव्या शतकाच्या दुसऱ्या अर्ध्यात, दोन घटना एकाच सुमारास घडल्याने. पहिली वैद्यकातली. केमोथेरपीची सुरुवात 1940 च्या दशकात झाली, पण सरसकट केस घालवणारी औषधं रोजच्या वापरात आली ती नंतर. डॉक्सोरुबिसिनला, ज्याला रुग्ण ‘लाल औषध’ म्हणतात, अमेरिकेत 1974 मध्ये मान्यता मिळाली. पॅक्लिटॅक्सेलला 1992 मध्ये. दोन्ही औषधं स्तनाच्या कर्करोगात वापरली जातात आणि भारतीय स्त्रियांत आज हाच कर्करोग सर्वाधिक आढळतो. भराभर विभागणाऱ्या पेशींवर ही औषधं घाला घालतात, आणि केसाच्या मुळाशी असलेल्या पेशी शरीरातल्या सर्वांत वेगाने विभागणाऱ्या पेशींपैकी आहेत. डोक्यावरचे बहुतेक केस कुठल्याही वेळी वाढीच्याच अवस्थेत असतात, म्हणून ते एकदम जातात. भुवया आणि पापण्याही जाऊ शकतात.

दुसरी घटना बाजारातली. 1960 च्या दशकात अमेरिका आणि युरोपात विगची फॅशन उसळली. मागणी इतकी वाढली, की केस कुठून आणायचे हा राजकारणाचा विषय झाला: त्या दशकाच्या मध्यात अमेरिकेने कम्युनिस्ट चीनमधून येणारे केस अडवले आणि तो धंदा दक्षिण कोरिया, हाँगकाँग, भारत यांच्याकडे वळला. जपानमध्ये कॅनेकॅलॉनसारखे कृत्रिम धागे तयार होऊ लागले होतेच. 1970 च्या सुमारास विग ही कोरियाच्या सर्वांत मोठ्या निर्यातींपैकी एक होती, आणि ते गुंफत होत्या खेड्यांतून शहरात आलेल्या तरुण मुली. ऑगस्ट 1979 मध्ये वायएच ट्रेडिंग या विग कंपनीच्या कामगार मुलींनी कारखाना बंद करण्याविरुद्ध सोलमधल्या विरोधी पक्षाच्या कार्यालयात ठिय्या दिला. पोलिसांनी आत घुसून तो मोडला, त्यात किम क्योंग-सुक ही कामगार मुलगी मरण पावली. त्यातून पेटलेल्या राजकीय संकटात दोन-अडीच महिन्यांत राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांची हत्या झाली. स्वस्त विगच्या किमतीत कुणाचे हात राबलेले असतात हे कळावं म्हणून हे सांगितलं. पुढे हा धंदा चीनला, मुख्यतः हनान प्रांतातल्या शूचांग शहराकडे गेला. आपल्याकडे विकले जाणारे बरेचसे तयार विग चीनमधूनच येतात.

भारताच्या वाट्याला आला कच्चा माल. त्याचे दोन प्रवाह आहेत आणि ग्राहकाने ते नीट समजून घ्यावेत, कारण विगच्या किमतीतला मोठा फरक इथून पडतो. एक प्रवाह देवळांचा. तिरुमलाच्या कल्याणकट्ट्यावर रोज हजारो भाविक मुंडण करतात. त्यात महाराष्ट्रातून गेलेले कितीतरी असतात. हे केस लांबीप्रमाणे वेगळे होतात आणि देवस्थान ते ई-लिलावात विकतं. डोक्यावरून एकदम उतरवलेले असल्याने मूळ एका बाजूला आणि टोक दुसऱ्या बाजूला ठेवता येतं. व्यापारात यांना रेमी म्हणतात. केसावरचे बारीक खवले एकाच दिशेने राहिले की केस गुंतत नाहीत.

दुसरा प्रवाह आपल्या दारातून जातो. ‘केसावर फुगेऽऽ’ अशी हाळी लहानपणी ऐकली नाही असं गाव विरळा. विंचरताना गळालेल्या केसांचा गुंता द्यायचा आणि बदल्यात फुगा, टिकल्या, एखादं भांडं घ्यायचं. हा गुंता फेरीवाल्यांकडून व्यापाऱ्यांकडे, तिथून कर्नाटकात कोप्पळजवळच्या भाग्यनगरसारख्या ठिकाणी जातो. तिथे बायका मांडीवर घेऊन एकेक केस सोडवतात. तरीही मूळ-टोक बरचसं मिसळलेलंच राहतं. मग केस गुंतू नयेत म्हणून रसायनाने खवले काढून टाकतात आणि चकाकीसाठी वरून सिलिकॉनचा थर देतात. दुकानात हा विग रेमीहून गुळगुळीत लागतो. काही धुण्यांनंतर थर जातो आणि मानेपाशी गाठी पडायला लागतात. ‘शंभर टक्के खरे केस’ ही पाटी दोन्ही विगना खरीच लागू पडते, म्हणून नुसत्या पाटीवर जाऊ नये. केस रेमी आहेत का, हे विचारावं आणि बिलावर लिहून घ्यावं.

देवळातल्या केसांवरून 2004 मध्ये जेरुसलेममध्ये वादळ उठलं. सनातनी ज्यू विवाहिता केस झाकण्यासाठी विग वापरतात. हे केस मूर्तिपूजेशी जोडलेले आहेत, सबब चालणार नाहीत, असा निर्णय रब्बी (ज्यू धर्मगुरू) एल्याशिव यांनी दिला आणि जेरुसलेमपासून न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनपर्यंत लोकांनी महागडे विग रस्त्यावर जाळले. इकडे 2022 च्या जानेवारीत केंद्र सरकारने कच्च्या केसांची निर्यात निर्बंधित केली. कमी किमत दाखवून आणि चोरट्या मार्गाने माल बाहेर जात होता आणि त्यावरची कारागिरी, म्हणजे खरा पैसा, परदेशात होत होती. जगाला केस पुरवणाऱ्या देशातल्या रुग्णाला बरा विग परवडत नाही, ही गोष्ट मला फार लागते.

कृत्रिम धाग्याचा विग काही हजारांत मिळतो, धुतल्यावरही त्याची ठेवण बदलत नाही आणि उपचारांचे पाच-सहा महिने तो सहज निभावतो. माझ्या मते बहुतेकींना तो पुरतो. कर्ज काढून खऱ्या केसांचा घेण्याची गरज नाही. त्याचा शत्रू एकच, उष्णता. गॅसची आच, कुकरची वाफ, ओव्हनचं दार उघडल्यावरचा झोत लागला की पुढचे केस आक्रसतात आणि ते पुन्हा सरळ होत नाहीत. स्वयंपाक करताना तो काढून ठेवून सुती टोपी घालावी. खऱ्या केसांच्या विगची किंमत वीस-तीस हजारांच्या पुढे सहज जाते, शिवाय त्याला नेहमीच्या केसांसारखंच धुणं-वाळवणं-सेट करणं लागतं. थकलेल्या अंगाला तेही काम होतं.

केसांपेक्षा आतल्या बेसकडे जास्त लक्ष द्यावं. स्वस्त विगमध्ये केसांच्या पट्ट्या मशीनवर शिवलेल्या असतात. केस असलेल्या डोक्यावर त्या जाणवत नाहीत, उघड्या टाळूला मात्र शिवण घासते. म्हणून रुग्णासाठी निदान भांगाच्या जागी मोनोफिलामेंटची बारीक जाळी असलेला, जमल्यास हाताने एकेक केस गाठवलेला बेस बरा. विग आतून उलटा करून मनगटाच्या आतल्या बाजूवर घासून पाहावा, लगेच समजतं. डिंक किंवा चिकटपट्टी लावून बसवायचं हेअर पॅच केमो चालू असताना टाळलेलंच चांगलं, कातडी नाजूक झालेली असते. मापाचंही तेच: केस गेल्यावर डोक्याचा घेर कमी भरतो, तेव्हा मागे पट्टीने आवळता येणारा विग हवा. आणि दुकानात जायचं ते केस असतानाच. तेव्हा रंग जुळवता येतो, भांग कुठे पडतो ते दाखवता येतं. नंतर जायची वेळ आलीच तर जुने फोटो न्यावेत. रंगाची एखादी छटा फिकट निवडावी. उपचारांत चेहरा निस्तेज होतो, त्यावर काळाभोर विग फार उठून दिसतो. आपल्या दमट हवेत खाली पातळ सुती टोपीही लागतेच.

ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतून रुग्णाला विग मिळतो. अमेरिकेत काही विमा कंपन्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘क्रेनियल प्रोस्थेसिस’ (विगचं वैद्यकीय नाव) लिहिलेलं असेल तर खर्च देतात. आपल्याकडच्या विम्यात सहसा अशी सोय नसते, म्हणून ही जागा केसदानाने भरली जाते. मुंबईत मदत ट्रस्टसारख्या संस्था लोकांनी दिलेल्या केसांचे विग बनवून रुग्णांपर्यंत पोचवतात. त्यासाठी साधारण बारा इंच लांबीची, बांधून कापलेली वेणी लागते. केस महिन्याला सेंटिमीटर-सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे ही लांबी दोन-अडीच वर्षांची, आणि एका विगला अनेकींच्या वेण्या लागतात.

केस वाचवण्याचाही एक मार्ग आता आहे. इंग्लंडमधल्या हडर्सफील्डच्या पॅक्समन कुटुंबाचा धंदा बिअर थंड करायच्या यंत्रांचा होता. घरातल्या सुनेचे केमोत केस गेले, त्यानंतर 1990 च्या दशकात त्यांनी तेच तंत्र टाळू थंड ठेवणाऱ्या टोपीसाठी वापरलं. थंडीने टाळूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि केसांच्या मुळाशी औषध कमी पोचतं. अमेरिकेत अशा एका टोपीला 2015 मध्ये पहिली मान्यता मिळाली, भारतातल्या काही मोठ्या रुग्णालयांतही ती आली आहे. पॅक्लिटॅक्सेलसारख्या औषधांवर ती बऱ्यापैकी चालते, लाल औषधावर कमी, आणि रक्ताच्या कर्करोगात वापरत नाहीत. टोपी प्रत्येक सलाइनच्या आधी अर्धा तास चढवावी लागते, अगदी पहिल्या सलाइनपासून. तेव्हा औषध ठरतं त्याच भेटीत डॉक्टरांना विचारावं: या औषधाने केस जातील का, कितव्या दिवशी, आणि थंड टोपी इथे मिळते का. टोपी मिळत नाही असं उत्तर आलं, तर दुकान गाठायला हाताशी साधारण दोन आठवडे असतात.