शिल्लक परवान्यांचं काय?

त्या महिन्याचं रेशन उचललं नाही, तर ते बुडतं. कॅलिफोर्नियातल्या कार्बन परवान्यांचं तसं नाही, ते वर्षानुवर्षं साठवता येतात. याच साठ्यावर तिथल्या तज्ज्ञांच्या एका छोट्या समितीने बोट ठेवलं.

२०१३ पासून त्या राज्यातल्या वीज कंपन्या, तेलशुद्धीकरण आणि सिमेंटचे कारखाने यांना हवेत सोडलेल्या दर टन कार्बन डायऑक्साइडमागे एक परवाना सरकारजमा करावा लागतो. काही परवाने फुकट मिळतात, काही लिलावात घ्यावे लागतात. वर्षागणिक सरकार ते कमी कमी काढतं. १९९० च्या तुलनेत २०३० पर्यंत उत्सर्जन ४० टक्क्यांनी खाली आणायचं, असा कायदाच आहे.

२०१७ मध्ये या योजनेला मुदतवाढ देताना विधिमंडळाने पाच तज्ज्ञांची स्वतंत्र समिती नेमायला लावली. अट अशी, की योजनेत येणाऱ्या कंपन्यांशी त्यांचे आर्थिक हितसंबंध नसावेत. ज्या खात्याने योजना आखली, त्यानेच तिचा पेपर तपासू नये, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता साठा कसा होतो ते बघा. समजा, एका सिमेंट कारखान्याने २०१५ मध्ये दहा लाख परवाने घेतले आणि आठ लाख टन वायू सोडला. उरलेले दोन लाख परवाने त्याने २०३० मध्ये वापरले, तर त्या वर्षी तो तेवढा जादा वायू सोडेल आणि नियमही मोडणार नाही. यावर साठ्याची बाजू मांडणारे म्हणतात, आधीच कपात झाली ना, मग हवेला काय फरक? मुद्दा खरा आहे, पण कपात या योजनेमुळे झाली असेल तरच. सौर-पवन ऊर्जा आणि इतर नियमांमुळे उत्सर्जन तसंही उतरत होतं, त्यामुळे परवान्यांची सुरुवातीची मर्यादा सैल पडली.

२०२० अखेर कंपन्यांच्या हाती तीस कोटींहून जास्त परवाने शिल्लक होते. २०१७ च्या सरकारी आराखड्यात २०२१ ते २०३० या दहा वर्षांत या योजनेकडून अपेक्षित कपात होती साधारण चोवीस कोटी टन. म्हणजे साठाच कपातीपेक्षा मोठा!

समितीच्या शिफारशी कोणावर बंधनकारक नाहीत. तिच्या हाती आहे ते एवढंच: वार्षिक अहवाल आणि लोकांसमोर भरणाऱ्या बैठका. तरी तिने हा प्रश्न लेखी लावून धरला, आणि साठा मोजून तो आकडा खुद्द खात्याने जाहीर केला.