ट्रकमध्ये लॅपटॉप व जीपीएस वापरणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या दुकानातून जीपीएस रिसीव्हर (लॅपटॉपला जोडून नकाशावर गाडीची जागा दाखवणारे यंत्र) नेणारे बहुतेक ग्राहक वणी, घुग्घुस, गडचांदूर या पट्ट्यातून कोळसा व सिमेंट वाहणारे किंवा हंगामात जिनिंगच्या गाठी आणि वरुड-मोर्शीची संत्री परराज्यांत पोचवणारे आहेत. त्यांना आमची पहिली विनंती अशी की, लॅपटॉपवरचे सारे काम माल भरण्याआधी, गाडी उभी असताना उरकून घ्यावे. लॅपटॉपचा मोठा पडदा दोन-तीन ठिकाणी माल उतरवायचा असलेला लांबचा मार्ग निवांतपणे पाहण्यासाठी उपयोगी आहे. चालत्या गाडीत त्याच्याकडे पाहत बसण्यासाठी नाही.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून संदेश पाठवतात आणि त्यांपैकी किमान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की रिसीव्हर आपली जागा व उंची काढतो. यासाठी इंटरनेट किंवा मोबाइलचा टॉवर लागत नाही. तरीही मेळघाटात किंवा भामरागडकडे गेल्यावर ‘जीपीएस बंद पडले’ अशी तक्रार आमच्याकडे येते, तेव्हा बहुधा जागा बरोबर मिळत असते, पण खालचा नकाशा इंटरनेटवरून येत असल्याने पडदा कोरा दिसतो. म्हणून महाराष्ट्रासह तेलंगणा, मध्य प्रदेश व छत्तीसगड यांचे नकाशे लॅपटॉपमध्ये आधीच उतरवून ठेवावेत.

हे नकाशे जुनेही नसावेत. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला. त्याआधीच्या नकाशात या रस्त्यावरची गाडी शेतातून धावताना दिसेल. हैदराबादकडचा जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ आता ४४ आहे आणि अमरावती-अकोल्याकडचा ६ आता ५३ आहे, हेही जुन्या नकाशात सापडणार नाही.

रिसीव्हर कॅबिनच्या पत्र्याखाली न ठेवता समोरच्या काचेजवळ, आकाश दिसेल असा ठेवावा. चुंबकाचा असल्यास टपावर बसवावा. गाडी बरेच दिवस उभी असेल किंवा दूरच्या ठिकाणी आली असेल, तर पहिली जागा मिळायला काही मिनिटे लागू शकतात. रिसीव्हर लावल्यावर माऊसचा बाण पडद्यावर स्वतःहून उड्या मारू लागला, तर तो व्हायरस नसून विंडोज रिसीव्हरलाच माऊस समजलेली असते. अशा वेळी रिसीव्हर काढावा आणि लॅपटॉप पूर्ण सुरू झाल्यावर पुन्हा जोडावा. तो रोज एकाच यूएसबी खाचेत लावावा, कारण खाच बदलली की विंडोजने दिलेला पोर्टचा (जोडणीचा) क्रमांक बदलू शकतो आणि मग सॉफ्टवेअरला रिसीव्हर सापडत नाही.

विजेच्या बाबतीत मात्र हयगय नको. मोठ्या ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्टचा पुरवठा केलेला असतो, त्यामुळे लॅपटॉप चार्ज करण्यासाठी कारचा १२ व्होल्टचा इन्व्हर्टर थेट लावल्यास तो जळू शकतो. त्यावर काही जण एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट घेतात. हा उपाय स्वस्त वाटला तरी त्यामुळे एक बॅटरी जास्त उतरते, दुसरी जास्त चार्ज होते आणि शेवटी दोन्ही बदलाव्या लागतात. २४ व्होल्टचाच इन्व्हर्टर, फ्यूजसह, घ्यावा. बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असतात आणि आपल्याकडच्या मे महिन्यात बंद कॅबिनचे तापमान त्याहून कितीतरी वर जाते, म्हणून गाडी उन्हात लावताना लॅपटॉप सोबत न्यावा. खड्ड्यांच्या रस्त्यासाठी फिरत्या हार्ड डिस्कपेक्षा एसएसडी (फिरता भाग नसलेली डिस्क) असलेला लॅपटॉप बरा.

मार्ग काढताना लक्षात ठेवावे की अनेक सॉफ्टवेअर आपली गाडी कार आहे असेच धरून चालतात. जवळचा रस्ता म्हणून ती पांधण (शेतातली गाडीवाट) दाखवतील, पावसाळ्यात पाण्याखाली जाणाऱ्या रपट्यावरून नेतील किंवा रेल्वेखालच्या ठेंगण्या बोगद्याकडे वळवतील. ट्रकची सोय असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये ताडपत्री बांधल्यानंतरची खरी उंची मोजून भरावी आणि आरसीवरचे एकूण वजन भरावे. ही सोय असली तरी गावाकडच्या पुलांची माहिती नकाशात बहुधा नसते. तिथे त्या वाटेने रोज जाणाऱ्या ड्रायव्हरचा शब्द आम्ही सॉफ्टवेअरपेक्षा वरचा मानतो.

पिंपळगाव, वडगाव, बोरगाव ही नावे तर जवळपास प्रत्येक जिल्ह्यात आहेत, आणि खुर्द-बुद्रुकचा घोळ वेगळाच. त्यामुळे बिल्टीवर (मालाच्या पावतीवर) तालुका पाहावा आणि शक्य असल्यास माल घेणाऱ्याकडून अक्षांश-रेखांश मागवावेत. ते भरताना अंश-मिनिटे आणि दशांश यांची गल्लत करू नये: २० अंश ३० मिनिटे म्हणजे २०.५ होय, त्याऐवजी २०.३० भरले, तर गाडी ठिकाणापासून सुमारे २२ किलोमीटर दक्षिणेला जाईल.

गाडी सुरू झाल्यावर आवाजाच्या सूचना चालू ठेवाव्यात आणि लॅपटॉप क्लीनरच्या बाजूला, घट्ट बसवलेल्या स्टँडवर ठेवावा. वाटेत मार्ग बदलायचा असेल, तर ढाब्यावर किंवा पेट्रोल पंपावर थांबून बदलावा.

नकाशे नवे करून घेण्यासाठी दुकानात येताना लॅपटॉपसोबत रिसीव्हर व चार्जरही आणावा, म्हणजे तिन्हींची तपासणी एकाच वेळी करून देता येईल. इन्व्हर्टर बसवायचा असल्यास ट्रकच घेऊन यावे.