कूगन, जॅकी

(२६ ऑक्टोबर १९१४ – १ मार्च १९८४). अमेरिकन मूकपटांतील बालनट. जन्म लॉस अँजेलिसचा. आईवडील रंगमंचावरचे कलावंत. अगदी लहान वयात, १९१७ च्या सुमारास, तो एका मूकपटात दिसला असे मानतात. मात्र त्याला पदार्पण म्हणण्यात फारसा अर्थ नाही. १९१९ मध्ये वडिलांच्या नृत्याच्या कार्यक्रमात चार्ली चॅप्लिनने त्याला पाहिले आणि द किड (१९२१) या चित्रपटासाठी निवडले.

खिडक्यांच्या काचा फोडणारे पोर आणि मागोमाग काचा बसवायला हजर होणारा भणंग (चॅप्लिन) ही या चित्रपटातील जोडी सर्वपरिचित आहे. अनाथालयाची माणसे पोराला गाडीच्या हौद्यात टाकून नेतात, तेव्हा तो हात पसरून आकांत करतो. हे रडू वडिलांच्या धाकामुळे आले, अशी चॅप्लिनची आठवण आहे. काही अभ्यासक त्याचे श्रेय मुलाच्या अनुकरणशक्तीला देतात. दगड मारायला मागे नेलेला हात पोलिसाला लागताच तो दगड सहज खेळवू लागतो. तिथली हालचालीची नेमकी जाण पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

पुढे पेक्स बॅड बॉय (१९२१), ऑलिव्हर ट्विस्ट (१९२२) आदी चित्रपट आले. त्याच्या नावाने बाहुल्या, शिट्ट्या, पीनट बटरही विकले जाई. १९२४ मध्ये पश्चिम आशियातील निर्वासित मुलांच्या मदतनिधीसाठी त्याने दौरा केला.

त्याची एकूण कमाई ३० ते ४० लाख डॉलर असावी. हे अंदाज आहेत. नेमका आकडा काढणे कठीण, कारण व्यवहार कुटुंबाच्याच हाती होते. मे १९३५ मध्ये मोटार अपघातात वडील वारले. त्याच गाडीत असलेला जॅकी वाचला. आईने पुढे आर्थिक कारभार पाहणाऱ्या आर्थर बर्नस्टाइनशी विवाह केला. २१ वर्षे पूर्ण होऊनही पैसे हाती येईनात, तेव्हा एप्रिल १९३८ मध्ये जॅकीने दोघांवर दावा लावला. अल्पवयीन मुलाच्या कमाईवर आईवडिलांचा हक्क, अशी कॅलिफोर्नियातील तेव्हाची कायदेशीर स्थिती होती. अखेर तडजोडीत त्याला सुमारे १,२६,००० डॉलर मिळाले.

या प्रकरणातून १९३९ चा ‘कूगन कायदा’ आला. त्याची मर्यादा नीट ध्यानात घ्यायला हवी. मंजुरीसाठी न्यायालयापुढे आलेल्या करारांनाच तो लागू होता. निव्वळ कमाईचा निम्म्यापर्यंतचा भाग राखून ठेवण्याचा आदेश न्यायाधीश देऊ शकत, पण तसे बंधन त्यांच्यावर नव्हते. उलट, न्यायालयाने मंजूर केलेला करार सज्ञान होऊन मोडण्याची मुभा मुलाला राहत नसे. म्हणजे मंजुरीचा पक्का लाभ स्टुडिओला आणि बालकलाकाराचे संरक्षण मात्र न्यायाधीशाच्या मर्जीवर. म्हणून हा कायदा मुलांसाठी झाला, हे प्रचलित विधान अर्धेच खरे आहे. करार न्यायालयापुढे आणलाच नाही, तर तेवढे संरक्षणही उरत नसे. ही उणीव २००० पासून बऱ्याच अंशी भरून निघाली: कमाई मुलाचीच मालमत्ता ठरली आणि एकूण कमाईच्या १५ टक्के रक्कम विश्वस्त खात्यात ठेवणे सक्तीचे झाले.

दुसऱ्या महायुद्धात तो ग्लायडर (बिनइंजिनाचे विमान) चालक होता. मार्च १९४४ मध्ये आसाममधील लालाघाटहून निघालेल्या मोहिमेत त्याच्या तुकडीने जपानी आघाडीमागे, ब्रह्मदेशात, चिंडिट (शत्रूच्या पिछाडीला लढणाऱ्या ब्रिटिश दलाचे) सैनिक उतरवले. १९६४–६६ मध्ये द ॲडम्स फॅमिली या दूरचित्रवाणी मालिकेत त्याने टकलू अंकल फेस्टर साकारला. अमेरिकेतील त्या पिढीला तो मुख्यतः याच रूपात ठाऊक आहे.

ऑलिव्हर ट्विस्ट कायमचा हरवला असे मानले जाई. १९७० च्या दशकात त्याची प्रत युगोस्लाव्हियात सापडली, पण तीत दृश्यांच्या मधे दिसणाऱ्या मजकुराच्या पाट्या नव्हत्या. त्या पुन्हा तयार करण्यास निर्माता सोल लेसर आणि साठीच्या आसपास पोहोचलेला कूगन यांनी साहाय्य केले. सँता मोनिका येथे हृदयविकाराने त्याचे निधन झाले.