ट्राउटचा जमाखर्च

तीर्थन नदीच्या काठावर मासे धरायला नवखा माणूस उभा राहिला की त्याचा गळ हमखास नदीच्या मधोमध पडतो, जिथे पाणी सर्वांत जोरात धावत असते. ट्राउट हा थंड नदीतला मासा तिथे सहसा नसतो. तो का नसतो हे उमगले की गळ टाकण्याचे निम्मे शास्त्र हाती आले.

ट्राउट वाहत येणाऱ्या अन्नावर जगतो. तोंड प्रवाहाकडे करून एका जागी थांबायचे आणि समोरून येईल ते टिपायचे, हा त्याचा दिनक्रम. वेगवान धारेत किडे भरपूर येतात, पण तिथे टिकून राहायचे तर शेपटी अखंड मारावी लागते आणि खाल्लेले तिथेच जळून जाते. संथ डोहात कष्ट नाहीत, पण पानात वाढणारेही कोणी नाही. म्हणून तो सांध्यावर बसतो: अंग संथ पाण्यात, डोळा धारेवर. खडकामागचा आडोसा सर्वांना सुचतो. खडकाच्या पुढची जागा मात्र बहुतेक जण सोडून देतात. तिथे आदळलेले पाणी मागे दाबले जाऊन हातभर लांबीची मऊ उशी तयार होते आणि चांगला मासा पुष्कळदा तीच पकडून असतो. पोखरलेल्या काठाखालची सावली आणि खळाळते उथळ पाणी डोहात उतरते तो उंबरठा, याही त्याच्या जागा. काहीच कळत नसेल तर पाण्यावरची फेसाची रेघ पाहावी. फेस जिथून वाहतो, तिथूनच किडेही वाहतात.

तीर्थन हिमाचलच्या कुल्लू जिल्ह्यातली नदी. ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानात उगम पावून ती गुशैणी, बंजारवरून लारजीपाशी बियासला मिळते. तपकिरी ट्राउट इथला मूळ रहिवासी नव्हे. १९०० च्या सुमारास ब्रिटनहून त्याची अंडी काश्मीरला आली आणि तिथून १९०९ मध्ये कुल्लूत. इंद्रधनुषी ट्राउट तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा. मूळचा मासा ज्याला इंग्रज ‘हिमट्राउट’ म्हणत तो, आणि तो प्रत्यक्षात रोहू-कटल्याच्या गोतावळ्यातला, दगडावरचे शेवाळ खरवडून खाणारा. पाहुण्याने त्याची जागा बरीच आक्रसली, हेही इथेच सांगून टाकलेले बरे.

सह्याद्रीच्या ओढ्यांत ट्राउट का नाही, हा प्रश्न मराठी माणसाला पडतोच. उत्तर थर्मामीटरमध्ये आहे. समुद्रसपाटीला १० अंश सेल्सियसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, २५ अंशांना जेमतेम ८.३. पाणी तापले की ऑक्सिजन घटतो आणि त्याच वेळी माशाची ऑक्सिजनची गरज वाढते. तपकिरी ट्राउट साधारण १० ते १६ अंशांत मनसोक्त खातो, १९-२० च्या वर तोंड मिटतो आणि २५ च्या आसपास त्याच्या जिवावर बेततो. म्हणून खिशात थर्मामीटर हवा. पाणी ६ अंश असेल तर पहाटे कुडकुडण्यात अर्थ नाही, उन्हे वर येऊ द्यावीत. उलट मे-जूनमध्ये दुपारनंतर बर्फ वितळून पाणी चढते आणि गढूळते, तेव्हा सकाळच बरी. पावसाळ्यात नदी मातकट असते. सप्टेंबरअखेर ती निवळते, आणि तिथून ऑक्टोबर संपेपर्यंतचा काळ सर्वांत गोड.

आता मासा काय पाहतो ते. पाण्याखालून वर पाहिले तर बाहेरचे सारे जग एका गोल खिडकीत गोळा झालेले दिसते, कारण सुमारे ४८.६ अंशांपेक्षा तिरपे पाहिल्यास पाण्याचा पृष्ठभाग आतून आरसा बनतो. खिडकीचा व्यास माशाच्या खोलीच्या साधारण सव्वादोन पट. अर्धा मीटर खोल बसलेल्या माशाची खिडकी सव्वा मीटरच्या आत, वीतभर खोल असलेल्याची जेमतेम अर्धा मीटर. म्हणजे पृष्ठभागालगत टिपणाऱ्या माशापुढे फ्लाय, म्हणजे गळावरचा नकली कीटक, नेमका त्याच्या रेघेत उतरायला हवा. हातभर बाजूला पडला तर त्याच्या लेखी तो नाहीच. याच नियमाचा आपल्यालाही फायदा. क्षितिजापासून दहा अंशांच्या आतले सगळे खिडकीच्या कडेला चेपून धूसर होते. दहा मीटरवर ही मर्यादा सुमारे पावणेदोन मीटर, म्हणजे उभा माणूस कसाबसा लपतो. पाच मीटरवर मात्र गुडघे टेकावेच लागतात. शिवाय मासा प्रवाहाकडे तोंड करून असल्याने मागून, म्हणजे खालच्या अंगाने वर सरकत जावे. काठावर धप्प पाय आपटू नये. माशाच्या कुशीवरच्या संवेदी रेषेला आणि आतल्या कानाला ती थरथर कळते.

हा फ्लाय गळावर पिसे, लोकर, दोरा बांधून केलेला असतो. माशीने मासा पकडायचा, एवढेच. नक्कल कोणाची करायची हे नदीच सांगते: पाण्यातला मुठीएवढा दगड उचलून उलटा करावा. चपटी, तीन शेपट्यांची दिसते ती सहसा मे-फ्लायची अळी. दोन शेपट्यांची, पायाला दोन नख्या असलेली स्टोन-फ्लायची. आणि वाळूकणांची नळी पाठीवर घेऊन फिरते ती कॅडिसची. ट्राउटचे बहुतेक जेवण पाण्याखालीच होते, त्यामुळे पृष्ठभागावर हालचाल नसताना तरंगता फ्लाय टाकत बसणे म्हणजे पंगत उठल्यावर पान मांडणे. १४ किंवा १६ नंबरच्या गळावरचा, टंगस्टनचा मणी असलेला निम्फ, म्हणजे अळीची नक्कल करणारा बुडता फ्लाय, बुडवावा. टंगस्टनची घनता १९.३, पितळेची सुमारे ८.५. बारीक मण्यातही तो तळ गाठतो तो यामुळेच. वरचा सूचक तरंगक निम्फपासून पाण्याच्या खोलीच्या दीडपट अंतरावर बांधावा. अधूनमधून तळाला अडकत नसेल तर निम्फ फार वर वाहतो आहे.

तीर्थनसाठी साडेआठ-नऊ फुटी, ५ नंबरची गळाची काठी पुरते. झाडीने वेढलेल्या बारक्या उपनद्यांना साडेसात फुटी, ३ नंबरची. हा नंबर दोरीच्या वजनाचा: ५ नंबरच्या दोरीचे पहिले ३० फूट सुमारे ९ ग्रॅम भरतात. फ्लायला स्वतःचे वजन जवळपास नसते, फेकली जाते ती दोरी. म्हणून जोर लावून काही होत नाही. काठी वेगाने नेऊन झटकन थांबवायची, मागे साधारण एक वाजता आणि पुढे दहा-साडेदहाला, घड्याळाच्या काट्यांच्या हिशेबाने. मागे थांबल्यावर दोरी पूर्ण उलगडेपर्यंत वाट पाहावी. घाई केली तर चाबकासारखा आवाज येतो आणि फ्लाय तुटून जातो. पुढे नेताना हाताला एकदम हिसका बसला तर टोकाच्या तंगूसाला आपोआप साधी गाठ पडते. लोक तिचा दोष वाऱ्याला देतात. त्या गाठीने तंगूसाची ताकद निम्म्यावर येते. दिसताच कापून नवा तुकडा जोडावा. टोकाला ०.१५ मिलिमीटरचा तंगूस घ्यावा. तरंगत्या फ्लायला नायलॉन, बुडत्याला फ्लुरोकार्बन, कारण तो जड. गाठीला पाच वेढे, आणि आवळण्याआधी ती थुंकीने ओली करायची. कोरडी गाठ घर्षणाने तापते आणि मोठा मासा लागला की नेमकी तिथेच सुटते.

एवढे सगळे जमूनही मासा येत नाही, त्याचे कारण बहुधा ओढ. दोरी मधल्या वेगवान धारेवर पडते, फ्लाय पलीकडच्या संथ पाण्यात. धार दोरीला पुढे पळवते आणि फ्लाय पाण्यावर ओरखडा काढत फरपटतो. खरा किडा असा कधी वाहत नाही. उपाय दोन. दोरी पाण्यावर टेकताच मनगटाने तिचा मधला भाग वरच्या अंगाला उचलून ठेवायचा. किंवा मधे धार ठेवायचीच नाही, आणखी तीन पावले जवळ जाऊन काठी उंच धरायची. दुसरा उपाय कधीही सरस. लांब फेक पाहायला छान दिसते, पण तीर्थनवर सात-आठ मीटरच्या आत बहुतेक काम उरकते.

मासा लागला की काठी उंच, दोरी ताठ. त्याला फार दमवू नये: स्नायूंत साठलेल्या आम्लाने सोडलेला मासाही नंतर मरतो. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा आधीच पक्कडीने दाबून टाकावा आणि हात ओले करूनच माशाला धरावे, कारण कोरड्या हाताने त्वचेवरची बुळबुळीत साय निघते आणि तिथे बुरशी धरते. पाण्याबाहेर दहा सेकंदांहून जास्त नको. सोडताना तोंड प्रवाहाकडे, आणि तो स्वतःहून निसटेपर्यंत नुसता आधार.

पाण्यात उतरताना टेकायला हातात वेगळी दणकट काठी हवी. प्रवाहाचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो: वेग दुप्पट, तर रेटा चौपट. जोराच्या पाण्यात गुडघ्याच्या वर जाऊ नये. तीर्थन मोकळी वाहते, पण लारजीखाली बियास धरणाची आहे. ८ जून २०१४ रोजी धरणातून अचानक सोडलेल्या पाण्यात तिथे २४ विद्यार्थी वाहून गेले. धरणाखाली गोटे कोरडे दिसले तरी पात्रात उतरू नये.

परवाना मत्स्य विभागाकडून घ्यायचा. किती मासे आणि केवढे, ते त्यावर असते. १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर बंदी. त्या काळात मादी शेपटीने वाळू-खडी उकरून अंडी पुरते. १० अंशांच्या पाण्यात ती सुमारे ४० दिवसांत फुटतात, हिवाळी तीर्थनमध्ये त्याच्या कितीतरी जास्त. मार्चच्या पहिल्या आठवड्यात काठावर गेलात तर उथळ पाण्यात भोवतालपेक्षा उजळ, धुतल्यासारखा खडीचा लांबट पट्टा शोधावा. तिथे पाय द्यायचा नाही. पिल्ले अजून खडीखालीच असू शकतात.