पृथ्वीबाह्य जीवसृष्टीचा शोध : मानवी समाजावरील परिणाम

पृथ्वीबाहेर जीवसृष्टी असल्याचा खात्रीलायक पुरावा मिळाल्यास समाज, धर्म, विज्ञान व कायदा यांवर काय परिणाम होतील, याचा अभ्यास. असा पुरावा अद्याप मिळालेला नसल्याने या विषयातील बहुतेक विवेचन पूर्वी घडलेल्या कमीअधिक सारख्या घटनांच्या आधारे केले जाते. शोध दोन प्रकारचा संभवतो : सूक्ष्मजीवांचा वा त्यांच्या अवशेषांचा, आणि बुद्धिमान जीवांनी पाठविलेल्या संदेशाचा. दोहोंचे परिणाम सारखे असण्याचे कारण नाही. तथापि जुन्या लेखनात त्यांची सरमिसळ आढळते.

ब्रुकिंग्ज अहवाल व त्यावरील वाद : या अभ्यासाचा आरंभ सामान्यतः १९६० च्या ब्रुकिंग्ज अहवालापासून मानतात. अवकाश संशोधनाचे सामाजिक परिणाम अजमावण्याचे काम नासाने वॉशिंग्टनच्या ब्रुकिंग्ज संस्थेकडे सोपविले होते. डॉनल्ड मायकेल हे अहवालाचे प्रमुख लेखक. नोव्हेंबर १९६० मध्ये तो नासाला सादर झाला व १९६१ मध्ये अमेरिकी काँग्रेसपुढे आला. त्याचा बराचसा भाग दळणवळण उपग्रह, हवामानाचे अंदाज, मनुष्यबळ अशा विषयांना वाहिलेला आहे. परग्रहावरील जीवांना त्यात जेमतेम काही पाने मिळाली आहेत, पण गाजली ती हीच पाने. विश्वातील आपल्या स्थानाबद्दल निःशंक असलेले अनेक समाज अपरिचित समाजांशी संबंध येताच विस्कटले. जे तगले त्यांना आपली मूल्ये व वागणूक बदलावी लागली, असे मानवशास्त्रातील दाखले तेथे दिले आहेत. आपल्याहून फार प्रगत जीव आढळल्यास सर्वांत मोठा हादरा शास्त्रज्ञ व अभियंते यांनाच बसेल, अशीही शक्यता नोंदविली आहे. डिसेंबर १९६० मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने मानवजातीला सज्जतेचा इशारा मिळाल्याच्या मथळ्याखाली ही बातमी दिली. माहिती कोणत्या परिस्थितीत जाहीर करावी वा रोखून ठेवावी, हा प्रश्नही अहवालाने पुढील अभ्यासासाठी मांडला होता. सरकारने शोध दडपल्याच्या कल्पनांना पुढे याच वाक्याचा आधार घेतला गेला. मूळ मजकुरात शिफारस आहे ती अभ्यासाची, दडपण्याची नाही.

अहवालातील साधर्म्य कितपत योग्य आहे, याबद्दल मतभेद आहेत. मेक्सिकोतील ॲझटेक राज्य कोसळले त्यामागे १५२० मधील देवीच्या रोगाची साथ, स्पॅनिशांची शस्त्रे व त्यांना ॲझटेकांच्या स्थानिक शत्रूंनी दिलेली मदत ही कारणे होती; नव्या कल्पनांनी ते कोसळले नाही. शेकडो प्रकाशवर्षांवरून येणाऱ्या संदेशात यांपैकी काहीच नसते. म्हणून विज्ञानाचे इतिहासकार स्टीव्हन डिक वेगळे उदाहरण पुढे करतात. बाराव्या शतकाच्या सुमारास अरबी ग्रंथांमार्फत ग्रीक विद्या लॅटिन युरोपात पोहोचली; ती रुजायला पिढ्या लागल्या आणि तिने समाज मोडला नाही, विचार पालटला. हे साधर्म्य अधिक पटणारे आहे. मात्र ही भाषांतरे जेथे झाली त्या स्पेनमधील टोलेडोत अरबी व लॅटिन दोन्ही भाषा जाणणारे दुभाषे हाताशी होते. आकाशातून येणाऱ्या संदेशाला तसा दुभाषी मिळणार नाही.

लोक घाबरतील का : घबराटीचा नेहमीचा दाखला म्हणजे ३० ऑक्टोबर १९३८ रोजी अमेरिकेच्या सीबीएस केंद्रांवरून झालेले मंगळवासीयांच्या स्वारीचे नभोनाट्य. मानसशास्त्रज्ञ हॅडली कँट्रिल यांच्या १९४० मधील अभ्यासामुळे दहा लाखांवर श्रोते भ्याल्याचा समज रूढ झाला. अलीकडील अभ्यासकांच्या मते तो अतिरंजित आहे. त्या वेळी बहुतेक श्रोते दुसरे केंद्र ऐकत होते, आणि रेडिओशी स्पर्धा असलेल्या वृत्तपत्रांनी तुरळक घटना मोठ्या केल्या. कँट्रिल यांनी ‘अस्वस्थ झालो’ म्हणणाऱ्यांनाही घाबरलेल्यांत धरले, हा आक्षेप महत्त्वाचा आहे. २०१८ मध्ये मानसशास्त्रज्ञ मायकेल व्हार्नम व सहकाऱ्यांनी सूक्ष्मजीव सापडल्याच्या जुन्या दाव्यांच्या व कल्पित बातम्यांवरील प्रतिसादांची भाषा तपासली. तीत नकारात्मक भावनांपेक्षा सकारात्मक भावना जास्त आढळल्या. नमुना अमेरिकी होता, हे ध्यानात ठेवून तो निष्कर्ष स्वीकारावा लागतो.

खरी कसोटी १९६७ मध्ये केंब्रिजला लागली. जॉसलिन बेल या संशोधक विद्यार्थिनी रेडिओ दुर्बिणीचा रोज सुमारे ३० मीटर लांबीचा आलेख-कागद डोळ्यांनी तपासत असत. त्यांना काही मिलिमीटर जागेत एक न जुळणारी खरखर दिसली. वेगाने कागद सरकवून पाहिल्यावर तिच्यात १.३३७ सेकंदांनी नेमाने येणारे स्पंद आढळले. स्रोताला ‘छोटी हिरवी माणसे’ या अर्थाचे एलजीएम-१ हे नाव अर्धवट गमतीने पडले. पण हे जाहीर करायचे कसे, यावर बेल यांचे मार्गदर्शक अँटनी ह्यूइश यांच्या गटात गंभीर चर्चा झाली. पीएच.डी. पुरी करायच्या वेळी या हिरव्या माणसांनी नेमकी आपलीच अँटेना निवडावी याचा आपल्याला वैताग आला होता, असे बेल यांनी पुढे सांगितले. डिसेंबरात आकाशाच्या दुसऱ्या भागात तसाच स्रोत सापडला. दोन वेगळ्या ठिकाणचे जीव एकाच वेळी सारखेच संकेत पाठवतील हे संभवत नसल्याने नैसर्गिक खुलासा उघड झाला : तो स्पंदक तारा, म्हणजे वेगाने फिरताना नियमित रेडिओ स्पंद देणारा तारा होता. फेब्रुवारी १९६८ मध्ये निबंध प्रसिद्ध झाला.

एएलएच ८४००१ : परिणामांचे सर्वांत स्पष्ट उदाहरण या अशनीचे. १.९३ किग्रॅ. वजनाचा हा दगड डिसेंबर १९८४ मध्ये अंटार्क्टिकातील ॲलन हिल्स येथे मिळाला. आरंभी त्याचे वर्गीकरणच चुकले. तो मंगळावरचा असल्याचे १९९३ च्या सुमारास कळले. त्याचे वय ४०० कोटी वर्षांहून अधिक असून सुमारे १३,००० वर्षांपूर्वी तो पृथ्वीवर पडला असावा. ऑगस्ट १९९६ मध्ये नासाच्या डेव्हिड मॅके यांच्या गटाने त्यातील कार्बोनेटचे गोलक, मॅग्नेटाइट या चुंबकी लोहखनिजाचे स्फटिक, बहुवलयी हायड्रोकार्बने (कार्बन व हायड्रोजन यांची संयुगे) व कृमीसारखे सूक्ष्म आकार ही प्राचीन जीवांची खूण असू शकते, असे मांडले. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ७ ऑगस्टला व्हाइट हाउसच्या हिरवळीवरून निवेदन केले. दंगली झाल्या नाहीत, प्रार्थनास्थळे ओस पडली नाहीत. पुढील काही वर्षांत प्रत्येक खुणेचा निर्जीव खुलासा पुढे आला. ते आकार जीवाणू म्हणण्यास फारच लहान आहेत, हा आक्षेप जड ठरला. आज बहुसंख्य तज्ज्ञ जैविक अर्थ मानत नाहीत. तरीही १९९८ मध्ये नासाची खगोलजीवशास्त्र संस्था स्थापन झाली व मंगळ मोहिमांना बळ मिळाले. ज्या दाव्याचा पाया टिकला नाही त्याने एक विद्याशाखा उभी करावी, ही विज्ञानेतिहासातील लक्षणीय घटना होय.

भारतीय प्रयोग : जीवसृष्टी अवकाशातून पृथ्वीवर येते, या खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल व चंद्र विक्रमसिंघे यांच्या मताची कसोटी पाहण्यासाठी जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने हैदराबादहून २००१ व २००५ मध्ये बलून सोडण्यात आले. २० एप्रिल २००५ च्या उड्डाणात निर्जंतुक केलेल्या १६ पोलादी नळ्या होत्या. द्रवरूप निऑनने थंड ठेवलेल्या या नळ्यांत २० ते ४१ किमी. उंचीवरची हवा गोळा केली गेली. पुण्याचे नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स व हैदराबादची सीसीएमबी (सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायॉलॉजी) यांनी नमुने स्वतंत्रपणे तपासले. जीवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या : जॅनीबॅक्टर हॉइलेई, बॅसिलस इस्रोनेन्सिस व बॅसिलस आर्यभट्टाय. त्या जवळच्या जातींपेक्षा अतिनील किरणांना अधिक दाद न देणाऱ्या होत्या. मात्र मार्च २००९ मध्ये इस्रोने, यावरून पृथ्वीबाह्य उगम सिद्ध होत नाही, असे स्पष्ट केले. हा संयम वाखाणण्याजोगा आहे. बॅसिलस आर्यभट्टाय पुढे जमिनीतील मातीतही आढळला. तेव्हा हे जीवाणू खालूनच वर गेले असावेत, हे मत अधिक सयुक्तिक दिसते.

पुराव्याची प्रतवारी : मंगळावर उतरलेल्या व्हायकिंग यानांच्या १९७६ मधील जीवशोधक प्रयोगांचा अर्थ अजून वादात आहे. एप्रिल २०२५ मध्ये खगोलशास्त्रज्ञ निक्कू मधुसूदन यांच्या गटाने के२-१८बी या १२४ प्रकाशवर्षांवरील ग्रहाच्या वातावरणात डायमिथिल सल्फाइड (पृथ्वीवर मुख्यतः सागरी सूक्ष्मजीवांपासून होणारे संयुग) असण्याची शक्यता वर्तविली; इतरांनी तीच निरीक्षणे तपासून शंका घेतली. म्हणजे शोध एका सकाळी लागेल असे नाही. तो वर्षानुवर्षे ‘बहुधा’ या शब्दासह वावरेल. अशा दाव्यांची प्रत ठरविण्यासाठी २००० च्या सुमारास इव्हान अल्मार व जिल टार्टर यांनी संदेशांच्या दाव्यांचे महत्त्व मोजणारी ० ते १० अंकांची रिओ मापनश्रेणी सुचविली, तर २०२१ मध्ये नासाच्या शास्त्रज्ञांनी सात पायऱ्यांची विश्वासार्हता श्रेणी मांडली.

धर्म : व्हॅटिकन वेधशाळेचे तत्कालीन संचालक होसे गाब्रिएल फ्युनेस यांनी २००८ मध्ये परग्रहावरील जीव व श्रद्धा यांत विरोध नसल्याचे म्हटले. ख्रिस्ती विचारात खरा पेच ख्रिस्ताचा अवतार एकदाच व पृथ्वीवरच का, हा आहे. ‘अनंतकोटी ब्रह्मांडनायक’ म्हणणाऱ्या भारतीय परंपरेला अनेक जगे नवी नाहीत. तथापि पुराणांतील ‘लोक’ (स्वर्लोक, पाताळलोक इ.) म्हणजे खगोलशास्त्रातील ग्रह असे समीकरण करणे योग्य नव्हे.

कायदा व संकेत : १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलयान अकादमीच्या पुढाकाराने संदेश मिळाल्यानंतरची तत्त्वे ठरली व २०१० मध्ये ती सुधारली गेली. आधी इतर वेधशाळांकडून पडताळणी, मग खुली घोषणा, आणि आंतरराष्ट्रीय विचारविनिमयाशिवाय उत्तर न देणे, हा त्यांचा गाभा. ती बंधनकारक नाहीत. १९६७ च्या अवकाश कराराचे नववे कलम मात्र हानिकारक प्रदूषण टाळण्याचे बंधन घालते. चंद्रावरून जंतू येऊ नयेत म्हणून अपोलो-११ च्या अंतराळवीरांना २१ दिवस विलग ठेवले होते. अपोलो-१४ नंतर ही पद्धत सोडून देण्यात आली. मंगळावरील जीवांना आपल्या जीवाणूंपासून जपणे हे कर्तव्य आहे काय, याबद्दल करार मौन बाळगतो. नासाचे ग्रहशास्त्रज्ञ क्रिस्टोफर मॅके यांची सूचना अशी की, स्वतंत्र जीवसृष्टी आढळल्यास आपले सर्व जीवाणू तेथून काढून घेता येतील, अशाच रीतीने मोहिमा आखाव्यात. पृष्ठभागावर उघडे पडलेले जीवाणू तेथील अतिनील किरणांनी मरतात. उतरलेल्या यानांच्या आतील भागांत सुप्त राहिलेल्यांसाठी ती याने उघडावी लागतील किंवा उचलून आणावी लागतील.